सोनेगावच्या हँगरमधून

श्रोतेहो, नमस्कार.

विमानांविषयी बोलायचे म्हटले की ऐकणाऱ्याला आकाशातल्या गोष्टींची अपेक्षा असते. माझे आयुष्य मात्र विमानाच्या पोटाखाली, हातात पाना घेऊन गेले. त्यामुळे जी विमाने माझ्या स्मरणात आहेत, ती हाताला आणि कानाला कळलेल्या त्यांच्या स्वभावामुळे आहेत.

पहिले विमान तर मी पाहिलेलेच नाही. माझे वडील टपाल खात्यात होते आणि १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेविषयी ते फार रंगून सांगत. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत सारी विमाने आपापल्या शहरी परतलेली असत. देशाच्या मध्यावर वसल्याचा इतका रोकडा उपयोग नागपूरला क्वचितच झाला असेल. त्या सेवेतील डकोटा विमानाच्या प्रत्येक इंजिनात चौदा सिलिंडर दोन रांगांत गोलाकार मांडलेले असत. थंडीच्या रात्री ते इंजिन आधी खोकायचे, मग धूर सोडायचे आणि मगच लयीत यायचे, असे वडील सांगत.

मी स्वतः हात लावलेले पहिले विमान म्हणजे पुष्पक. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने, म्हणजे आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, बनवलेले हे दोन आसनी विमान १९५८ साली पहिल्यांदा उडाले. इंजिन नव्वद अश्वशक्तीचे, सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर चक्क कापड! इंजिन सुरू करायचे तर समोर उभे राहून पंखा हाताने फिरवावा लागे. पंखा फिरवताना पाय कुठे असावेत आणि हात किती चटकन मागे यावा, हे शिकवण्यात आमच्या वयस्कर मिस्त्रींनी, ज्यांना सगळा हँगर मामा म्हणत असे, दोन आठवडे घालवले.

कापडाला जो लेप देतात त्याला डोप म्हणतात. वाळताना तो आकसतो आणि कापड तबल्याच्या पुडीसारखे ताणले जाते. भर श्रावणात, बाहेर झड लागलेली असताना, मी मोठ्या उत्साहाने पंखाच्या एका ठिगळाला डोप लावला. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढुरकी साय धरली होती. लेपातले द्रावण झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर जमते आणि लेप दुबळा होतो, हे मला ठाऊक नव्हते. मामा रागावले नाहीत. त्यांनी ठिगळावर टिचकी मारली, मला ऐकवली, मग शेजारच्या धड कापडावर मारून तीही ऐकवली आणि सगळा लेप काढून पुन्हा लावायला सांगितला. मला अभियंता कोणी केले असे विचारले, तर परवान्यावरच्या सहीआधी मला ती टिचकी आठवते.

पुढे सेस्ना १५२ आले. धातूचे, एकशे दहा अश्वशक्तीचे, किल्ली फिरवताच सुरू होणारे. त्याने मला नागपूरचा उन्हाळा नव्याने समजावला. विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण ३१० मीटर आहे. परंतु मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमान जणू १४०० मीटर उंचीवरच्या धावपट्टीवरून निघाल्यासारखे वागते. इंजिनाचा जोर घटतो, पंखांखाली उचल कमी मिळते आणि धावपट्टी संपत आली तरी चाके जमीन सोडत नाहीत. त्यामुळे त्या दिवसांत उड्डाणे सकाळीच उरकत आणि दुपारी आम्ही हँगरमध्ये ओले पंचे डोक्यावर घेऊन काम करत असू.

नोकरीत भेटलेल्या ॲव्रो विमानात या उन्हावरचा उतारा सापडला. कानपूरला बांधलेल्या या विमानाची डार्ट इंजिने उष्ण हवेत दमली, की उड्डाणाच्या वेळी त्यांत पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. हवा थंड आणि घन झाली की गेलेला जोर परत येई. त्या मिश्रणाची टाकी भरण्याचे काम नव्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे असे. डार्टची कानठळ्या बसवणारी शिटी मला आजही झोपेत ओळखता येईल.

नागपूरच्याच मिहान प्रकल्पात मोठ्या विमानांची कार्यशाळा झाली आणि बोइंग ७७७ जवळून पाहता आले. त्याच्या इंजिनाच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर आहे. आत उभे राहून हात उंचावला तरी वरचा काठ लागत नाही. माझे मन मात्र ७८७ मध्ये अधिक रमले. त्याच्या रचनेच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन तंतू आणि राळ यांसारख्या संमिश्र पदार्थांचा आहे. धातूच्या पत्र्याला ठोकर लागली तर पोचा दिसतो. इथे वरून काही न दिसता आतले थर सुटू शकतात. तपासणीची एक साधी रीत म्हणजे छोट्या हातोडीने हलके ठोकत जायचे आणि ऐकायचे.

एकदा सोबतचा शिकाऊ मुलगा ठोकता ठोकता थांबला आणि म्हणाला, “सर, इथे आवाज बसका येतोय.” मी कान लावला. खरोखरच बसका होता. आम्ही त्या जागेभोवती खूण केली आणि अल्ट्रासॉनिक यंत्र मागवले. यंत्र यायला अर्धा तास लागला. तोवर तो मुलगा त्या वर्तुळात एकदा आणि वर्तुळाबाहेर एकदा, असा ठोकून ऐकत बसला होता.

नमस्कार.