एकदा विचारा, एकदाच वाढा

नमस्कार मंडळी,

जळगाव-धुळे-नंदुरबारकडून नुकतेच इथे, इंग्रजी बोलणाऱ्या देशात आलेल्यांसाठी, इंग्रजीत नम्रपणे कसं मागावं आणि कसं देऊ करावं यावर मुद्दाम बोलतोय. ‘पाणी द्या ना भाऊ’ म्हटलं की त्या ‘द्या’त मान येतो, ‘ना’मध्ये आर्जव येतं. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. ‘गिव्ह मी वॉटर’ हा हुकूम ठरतो, आणि त्याला ‘प्लीज’ जोडलं तरी हुकूमच राहतो, जरा मऊ एवढंच. इंग्रजीत मागणं प्रश्नात घालावं लागतं.

काउंटरवर ‘आय वॉन्ट’ सोडा. ‘कुड आय हॅव अ कॉफी, प्लीज?’ एवढं जिभेवर बसवा. घेणारे आपण असू तर ‘कुड आय’, करणारा समोरचा असेल तर ‘कुड यू’. हा ‘कुड’ भूतकाळाचा नाही, म्हणून कुणी आपल्याला विचारलं तर ‘येस, आय कुड’ म्हणू नका. ‘शुअर’ किंवा ‘ऑफ कोर्स’ म्हणा. पत्ता विचारताना शब्दांचा क्रम बदलतो: ‘कुड यू टेल मी व्हेअर द बस स्टॉप इज?’ तो ‘इज’ शेवटी जातो. मोठं काम सांगायचं असेल, उदाहरणार्थ दोन दिवस मुलांना शाळेतून आणायचं, तर ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड…’ अशी सुरुवात करून कारणही सांगा. मीठ मागायला मात्र एवढा लवाजमा नको, ते विचित्र वाटतं.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘वुड यू माइंड’चा. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ म्हणजे खिडकी उघडायला तुमची काही हरकत आहे का? आपण भल्या मनानं ‘येस, येस’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हरकत आहे. ‘नॉट ॲट ऑल’ म्हणा आणि खिडकी उघडा. त्याच्यापुढचं क्रियापद नेहमी ‘इंग’चं: ‘ओपनिंग’, ‘टू ओपन’ नाही.

आता आग्रह. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे रीतीचं असतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर पाहुणा ताट पुढे करतो. इथे पहिलं ‘नो, थँक यू’ खरं धरतात आणि सहसा पुन्हा विचारत नाहीत. म्हणजे त्यांच्या घरी चहा हवा असेल तर पहिल्याच वेळी ‘येस, प्लीज’ म्हणा, नाहीतर उपाशीच परत याल. नुसतं ‘नो’ तुटक लागतं. ‘नो, थँक यू, आय ॲम फाइन’ म्हणा.

विचारताना ‘डू यू वॉन्ट टी?’ घरच्यांना चालतं, पाहुण्याला ‘वुड यू लाइक सम टी?’ विचारा. शाळेत प्रश्नात ‘एनी’ शिकवलं होतं, पण देऊ करताना सहसा ‘सम’ येतो, कारण होकाराची अपेक्षा असते. मदत देऊ करताना ब्रिटनमध्ये ‘शॅल आय कॅरी दॅट?’ सहज चालतं. अमेरिकेत ‘डू यू वॉन्ट मी टू कॅरी दॅट?’ जास्त ऐकू येतं.

शेजारी जेवायला आले आणि भरीत केलंय, तर आधी तिखटाची कल्पना द्या: ‘इट्स क्वाइट स्पायसी. वुड यू लाइक टू ट्राय अ लिटल?’ आवडलं तर एकदा ‘सम मोर?’ विचारा. नको म्हणाले तर डाव खाली ठेवा, भांडं टेबलाच्या मधोमध सरकवा आणि ‘प्लीज हेल्प युवरसेल्फ’ म्हणा.