झोळ पडलेली खुर्ची

सुरुवातीला एक विनंती. ज्यांच्या बुडाला संवेदना आहे त्यांनी आपले दोन्ही तळहात उताणे करून बुडाखाली घाला आणि ताठ बसा. हाताला दोन टणक उंचवटे लागतील. ती आपली बसायची हाडं. आता ढेपाळून बसा, जेवण झाल्यावर सोफ्यावर बसतो तसे. उंचवटे पुढे सरकले आणि मागून माकडहाड खाली आलं, कळलं?

हात काढले ना? मी सांगितलं नव्हतं, पण बोटं दुखायला लागली म्हणून काढले. मी बोलायला लागल्यापासून तुम्ही दोन-चार वेळा बूडही हलवलं असेल, तेही नकळत. मणक्याला मार लागून ज्याची खालची संवेदना गेली आहे, त्याला ही सूचना मिळतच नाही. आजचं सगळं बोलणं त्या न आलेल्या सूचनेबद्दल आहे.

एकाच जागी सतत दाब राहून कातडीला ज्या जखमा होतात, त्यांना आपण 'बेडसोर' म्हणतो आणि त्या शब्दामुळे सगळं लक्ष पलंगाकडे जातं. 1944 साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या दुखापतीचा विभाग सुरू केला. तोवर असे बहुतेक रुग्ण या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं दगावत. रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायचीच, हा नियम त्यांनी कसोशीनं पाळायला लावला आणि माणसं जगायला लागली. आपल्याकडेही नातेवाईक हा नियम पाठ करतात, रात्री गजर लावून उठतात. मग व्हीलचेअर येते, माणूस उठून बसतो, घरात आनंद होतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण झोपल्यावर वजन अंगभर विभागलं जातं, बसल्यावर त्यातलं बरंचसं या दोन हाडांवर येतं. काळजी खरं तर इथून पुढे वाढायला हवी.

कोकणातला एक तरुण माझ्याकडे आला होता. आंब्याच्या झाडावरून पडलेला. डाव्या कुल्ल्यावर जखम, आठ महिने ड्रेसिंग चालू. भरत आली की पुन्हा उघडायची. आई म्हणाली, "त्याची कातडीच वाईट आहे हो." मी त्याला त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि समोरून पाहिलं. खुर्ची शिबिरात मिळालेली, अठरा इंच रुंद. पोरगा बारीक, कमरेला चौदा इंच. दोन्ही बाजूंना जागा मोकळी, म्हणून तो डाव्या कोपरावर रेलून बसायचा. त्यात बैठकीच्या रेग्झिनला झोळ पडलेला. कंबर डावीकडे कललेली आणि सगळा भार त्या एका हाडावर. जखम तिथेच होती. कातडीचा काही दोष नव्हता.

आम्ही झोळावर प्लायवूडची फळी बसवली, वर चांगलं फोमचं कुशन ठेवलं, दोन्ही बाजू भरून घेतल्या. फळीमुळे उंची वाढली, म्हणून पायपाट्याही बदलून घ्याव्या लागल्या. हे विसरू नका. पाय लोंबकळले की माणूस पुढे घसरतो. पायपाटी फार वर असेल तर मांड्या उचलल्या जातात आणि भार पुन्हा हाडांवर जातो. खुर्चीची बैठक पुढून मागे फार लांब असेल तर पाठ टेकायला माणूस पुढे सरकतो आणि माकडहाडावर बसतो. गुडघ्यामागे दोन बोटांची फट हवी. सदरा शिवायला आपण माप देतो. दिवसाचे दहा तास ज्या खुर्चीत काढायचे तिचं माप मात्र कोणी घेत नाही. मला याचा राग येतो. जखम होईपर्यंत हे हातात असतं. जखम झाली की तो माणूस कित्येक आठवडे पालथा पडून राहतो, नोकरी जाते, शाळा सुटते.

आणि घरच्या बाईला बोल लावू नका. "सुनेनं नीट पाहिलं नाही" हे मी फार ऐकलं आहे. अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह यांच्याकडे पैसा होता, चोवीस तास देखभाल होती. तरी 2004 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्यावर अशाच एका चिघळलेल्या जखमेचे उपचार चालू होते.

कुशनबद्दल थोडंसं. मधे भोक असलेली हवेची रिंग घेऊ नका. तिच्या कडेवर दाब येतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी बिघडतो. हवेचं कुशन असेल तर माणूस बसलेला असताना हाडाखाली हात घालून बघा. हाड आणि तळ यांच्यामध्ये अर्धा ते एक इंच हवा उरली पाहिजे. घट्ट फुगवलेलं कुशन दगडासारखंच. जीनच्या मागच्या खिशात पाकीट, चाव्या, काही नको. जाड शिवणसुद्धा नको.

सकाळ-संध्याकाळ बुडाची कातडी आरशात बघा. पुस्तकात 'लाल डाग' लिहिलेलं असतं, पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. डाग जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा काळा दिसतो. हाताला गरम लागतो, कधी घट्ट लागतो. तो चोळू नका, तेल जिरवू नका. त्यावर बसणं बंद करा. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये 'अल्सर' शब्द सोडून 'इंज्युरी' म्हणायला सुरुवात केली, त्याचं एक कारण हेच: कातडी फाटलेली नसतानाही इजा झालेली असते.

आता शेवटचं. बुडावरचा दाब काढायला हातांवर जोर देऊन अंग उचलायचं आणि दहा-पंधरा सेकंदांत खाली बसायचं, असं बऱ्याच जणांना शिकवलेलं आहे. पण 2003 मध्ये मणक्याच्या दुखापतीच्या पन्नास जणांवर मोजमाप झालं. दाब काढल्यावर कातडीतला प्राणवायू पूर्ववत व्हायला सरासरी 1 मिनिट 51 सेकंद लागले. इतका वेळ हातांवर कोण तोलून धरणार? खांदेही झिजतात. त्यापेक्षा पुढे वाका, छाती मांड्यांकडे न्या. जमत नसेल तर आधी एका कुशीवर कला, मग दुसऱ्या. दर अर्ध्या तासाने तरी.

मी बोलायला लागून अर्धा तास झाला आहे. खुर्चीतल्या सगळ्यांनी ब्रेक लावा. पुढची लहान चाकं पुढच्या दिशेला वळलेली आहेत ना, बघा. तोल जात असेल तर शेजारच्यानं खांद्याला धरा. वाका. मी घड्याळ लावते, दोन मिनिटं.