बागुलबुवा काय जेवतो?

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिलाय ‘बालपण, भीती आणि सर्जनशीलता’. एवढं जड नाव वाचून आधी मीच घाबरले, त्यामुळे मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे, मुलांसाठी चित्रपुस्तकं लिहिणारा आणि काढणारा अमेरिकन लेखक-चित्रकार मॉरिस सेंडॅक.

हा ब्रुकलिनचा, जन्म 1928 चा, आईवडील पोलंडहून आलेले ज्यू. लहानपणी सारखा आजारी, अंथरुणात पडून खिडकीतून खेळणारी पोरं बघत बसायचं. 1932 मध्ये लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकाचं बाळ पळवून नेलं आणि नंतर ते मेलेलं सापडलं, अख्ख्या अमेरिकेत तोच विषय, आणि हा पावणेचार वर्षांचा पोरगा मनात हिशोब करतोय की एवढ्या श्रीमंतांचं पोर वाचत नाही तर आपल्यासारख्या गरिबाचं काय! घरात कुणी त्याला विचारलं नसणार, बाळा तुला कसली भीती वाटते म्हणून. आपल्याकडेही कोण विचारतं, उलट ‘झोप नाहीतर बागुलबुवा येईल’ म्हणून वरून फोडणी देतो आपण.

तर 1963 साली त्याचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे चित्रपुस्तक आलं. खरं तर त्याला रानटी घोड्यांचं पुस्तक करायचं होतं, पण घोडे काही जमेनात (मला अजून हात काढता येत नाहीत, माझी सगळी पात्रं खिशात हात घालून उभी असतात), मग घोड्यांच्या जागी राक्षस आले. आणि ते राक्षस म्हणजे कोण, तर रविवारी जेवायला येणारे मामा, काका, मावश्या. पिवळे दात, नाकातले केस, गाल ओढणार आणि वर ‘खाऊनच टाकते तुला’. स्वयंपाकाला उशीर झाला तर हे आपल्यालाच खातील असं त्याला खरंच वाटायचं!

पुस्तकातला छोटा मॅक्स आईला तेच म्हणतो, तुलाच खाऊन टाकीन, मग आई त्याला उपाशी खोलीत पाठवते. आता इथे नीट बघा. सुरुवातीला चित्रं छोटी आहेत, भोवती भरपूर पांढरी जागा. खोलीत झाडं उगवायला लागली की चित्र वाढत जातं, कडा खातं, शेजारच्या पानावर घुसतं, आणि राक्षसांचा धिंगाणा सुरू झाला की शब्दच संपतात, लागोपाठ तीन जोडपानं नुसती चित्रं. मुलाचा राग आणि भीती मावेल एवढी जागा त्याने कागदावर करून दिली, मला त्याची सगळ्यात मोठी करामत हीच वाटते. मॅक्स राक्षसांच्या देशातून घरी येतो तर खोलीत जेवण वाट बघत असतं, आणि ते अजून गरम असतं. आई एकाही चित्रात दिसत नाही हं.

1964 मध्ये पुस्तकाला कॅल्डेकॉट मेडल, म्हणजे चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार, मिळालं, पण मोठी माणसं धास्तावलेलीच. ब्रुनो बेटेलहाइम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तर पुस्तक न वाचताच मासिकात टीका केली, आईने उपाशी झोपवणं मुलांना फार भयंकर वाटेल म्हणून. गंमत म्हणजे त्याला राक्षसांपेक्षा उपाशी झोपणं जास्त खुपलं, आणि मला वाटतं तेवढं त्याचं बरोबर होतं. पण ते गरम जेवण त्याने बघितलंच नाही ना.

माझ्या एका गोष्टीत घरामागे विहीर आहे आणि विहिरीत ‘कुणीतरी’ राहतं. एका प्रकाशकांनी सांगितलं, मॅडम विहीर काढा, मुलं घाबरतील, पेरूचं झाड घ्या. मी पुस्तक दुसरीकडे दिलं. नंतर एका शाळेत वाचून दाखवत होते, पोरं एकदम चिडीचूप, मलाच वाटायला लागलं की पेरूचं झाड घ्यायला हवं होतं की काय. तेवढ्यात दुसरीतल्या एका मुलीने हात वर केला.

‘ताई, त्याला खाली जेवायला कोण देतं?’

मी म्हटलं माहीत नाही गं. तर तिने डब्यातली अर्धी पोळी काढून ठेवली, शेजारचा म्हणाला बादलीतून सोडू, मागून कुणीतरी ओरडलं अरे लोणचं पण दे, आणि मग तास संपेपर्यंत मला काही बोलायला मिळालंच नाही.