सीएमओएस रिसेट केल्यावर विंडोज गायब? आधी थांबा, फॉरमॅट मारू नका!

नमस्कार मंडळी! सीएमओएस रिसेट म्हणजे मदरबोर्डवरची छोटी बॅटरी काढून किंवा जंपर वापरून पीसी सुरू होतानाची सेटिंग मूळपदावर आणणं. मागच्या व्हिडिओखाली परत तेच, "दादा, बॅटरी काढून लावली, आता नो बूटेबल डिव्हाइस (विंडोज सुरू करायला डिस्कच सापडत नाही) येतंय, विंडोज नवीन टाकू का?" नाही. नका टाकू. आणि त्याखाली तिघं-चौघं येऊन बिनधास्त लिहितात, "हो भावा, फॉरमॅट मार". अरे, डिस्कवर त्याचं काय काय आहे ते तरी विचारा आधी!

बेसिक पटकन उरकतो. बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे बोर्डचा स्वतःचा छोटा प्रोग्राम, उठतं, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स तपासतं, हे झालं पोस्ट, मग डिस्कवरचा बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम, शोधतं आणि पुढचं काम त्याच्याकडे सोपवतं. 1981 च्या आयबीएम पीसीपासूनचं बायोस नावाचं फर्मवेअर गेलं, आता त्याच्या जागी यूईएफआय आहे, पण सगळे अजून बायोसच म्हणतात, मीही तेच म्हणतो. स्क्रीन काळीच आहे आणि बोर्डवर डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, लाइट अडकलाय, तर रॅम काढून परत नीट बसवा, एकच स्टिक लावून बघा. पण लोगो येतोय, सेटअप, म्हणजे बायोसच्या सेटिंगची स्क्रीन, उघडतंय, म्हणजे पोस्ट पास आहे. तुमचा प्रॉब्लेम त्याच्या पुढचा आहे.

आता नीट ऐका. ती सीआर2032 बॅटरी काढली किंवा बोर्डवरच्या क्लिअर सीएमओएसच्या दोन पिना जोडल्या (जंपर शॉर्ट केला), तर डिस्कवरचं काहीही पुसलं जात नाही. फक्त बायोसची सेटिंग कंपनीतून आली तशी होतात. आणि त्यात दोन सेटिंग अशी आहेत की ती बदलली की विंडोज जागेवर असूनही सापडत नाही. एक सीएसएम, म्हणजे जुन्या लेगसी पद्धतीने बूट करायची सोय. दुसरं स्टोरेजचा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते: एएचसीआय की रेड, आणि बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपवर व्हीएमडी.

माझ्या मामेभावाचंच घ्या. पीसी जुना, घड्याळ रोज मागे पडायचं, म्हणून त्याने बॅटरी बदलली, अगदी बरोबर केलं. त्यानंतर विंडोज येईना. पठ्ठ्या पेनड्राइव्ह लावून फॉरमॅटच्या स्क्रीनवर बसलेला, तिथून मला व्हिडिओ कॉल. म्हटलं हात काढ आधी कीबोर्डवरून, सेटअपमध्ये जा, स्टोरेजचं पान दाखव. डिस्क नावासकट दिसत होती! बूटच्या लिस्टमध्ये मात्र काहीच नाही. विंडोज लेगसी मोडमध्ये, एमबीआर म्हणजे जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर टाकलेलं, आणि रिसेटनंतर सीएसएम बंद झालेलं. चालू केलं, सेव्ह केलं, विंडोज आलं, सगळ्या फाइल जागच्या जागी.

म्हणून परत सांगतो, स्टोरेजचं पान आणि बूटची लिस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टोरेजमध्ये दिसते, बूटमध्ये नाही, तर आधी सीएसएम बघा. स्टोरेजमध्येही नाही, तर केबल, स्लॉट बघा. निळा स्क्रीन येऊन इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणतोय, तर स्टोरेजचा मोड आधी होता तोच परत करा. आधी काय होता ते आठवत नाही? एक बदला, सेव्ह करा, बघा, नाही जमलं तर परत मागे घ्या आणि मग दुसरं. चार गोष्टी एकदम फिरवू नका, मग कशाने काय झालं तेच कळत नाही.

ज्यांचा पीसी आत्ता व्यवस्थित चालू आहे त्यांनी आजच विंडोजमधलं सिस्टम इन्फर्मेशन उघडा, तिथे बायोस मोडसमोर यूईएफआय लिहिलंय की लेगसी ते बघून ठेवा, आणि सेटअपच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. पाच मिनिटांचं काम. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क लॉक करणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, कारण बायोस अपडेट केलं किंवा सिक्युअर बूटला (फक्त सही केलेला बूटलोडरच चालू देणारी सेटिंग) हात लावला की ती मागितली जाऊ शकते. आणि टीपीएम, म्हणजे बिटलॉकरची किल्ली सांभाळणारी सुरक्षा चिप, क्लिअर करायचा पर्याय दिसला तर कृपा करून दाबू नका, ती रिकव्हरी की हाताशी नसेल तर डेटा खरंच अडकेल.

अजून एक, हे बरेच जण विचारतात. डीडीआर5, म्हणजे नव्या पिढीच्या रॅमवाल्या बोर्डवर रिसेटनंतर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, तेव्हा रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्ड रॅमशी वेग जुळवून घेणं, चाललेलं असतं. लोक घाबरून मध्येच पॉवर बंद करतात, मग ते पहिल्यापासून सुरू होतं, मग परत बंद करतात आणि कमेंटमध्ये लिहितात बोर्ड मेला. थोडं थांबा हो. एवढं करूनही अडलंच तर बोर्डचं मॉडेल, बायोस मोड आणि स्टोरेजच्या पानावर डिस्क दिसते की नाही, हे तीनही लिहा, त्याशिवाय मलाही काही सांगता येणार नाही.