दोन सांडण्या आणि एक वाटाड्या

श्रोतेहो, सलाम आणि नमस्कार.

इतर धर्मीयांशी मुसलमानाने कसं वागावं, याचं मूळ कुरआनच्या साठाव्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात, मुम्तहिनामध्ये आहे. त्यातली आठवी आयत, म्हणजे वचन, सांगते, धर्मावरून जे तुमच्याशी लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घरातून हाकललं नाही, त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागा. नववीतली मनाई आहे ती लढणाऱ्यांशी, हाकलणाऱ्यांशी आणि त्यांना साथ देणाऱ्यांशी जवळीक करण्याची. आठवी आणि नववी जोडीने वाचा. एकटी नववी वाचली की घोळ होतो. आठवीतला ‘बिर्र’ हा शब्द तर आईवडिलांच्या सेवेसाठी वापरतात, एवढा मायेचा!

आता इ.स. 622 मधल्या हिजरतकडे, म्हणजे प्रेषित मुहम्मद यांच्या मक्का सोडून मदीनेला जाण्याकडे चला. मक्केत प्रेषितांच्या जिवावर उठलेले लोक. त्यांचे जिवलग साथी हजरत अबू बकर यांनी दोन सांडण्या चार महिने झाडाचा पाला घालून घरी तयार ठेवलेल्या. एक प्रेषितांना देऊ केली, तर ते म्हणाले, किंमत देऊन घेईन. अशा घाईतसुद्धा!

वाटाड्या कोण? अब्दुल्लाह बिन उरैकित. मुसलमान नव्हे, कुरैशांच्याच, म्हणजे मक्केतल्या त्या विरोधी टोळीच्याच, मूर्तिपूजक धर्माचा. पण वाळवंटाच्या वाटा त्याला तोंडपाठ. त्याला मजुरीवर ठरवलं, दोन्ही सांडण्या आधीच त्याच्या हवाली केल्या आणि सांगितलं, तीन रात्रींनंतर सकाळी ‘सौर’ नावाच्या गुहेपाशी ये. विचार करा, मदीना उत्तरेला आणि गुहा मक्केच्या दक्षिणेला. पाठलाग करणारे उत्तरेकडे धावणार, म्हणून ही उलटी दिशा. गुहेची जागा त्याला ठाऊक, वेळ ठाऊक, जनावरं त्याच्याच ताब्यात. आणि कुरैशांचं इनाम शंभर उंटांचं! एक शब्द फोडला असता तर हा माणूस मालामाल झाला असता. तिसऱ्या रात्रीनंतरची सकाळ उजाडली आणि तो सांडण्या घेऊन हजर. नेहमीचा कारवाँचा रस्ता सोडून त्याने त्यांना समुद्रकाठच्या वाटेने नेलं. धर्म वेगळा, पण जबान पक्की. धर्म वेगळा, पण काम चोख.

चौदाव्या शतकातले धर्मपंडित इब्न कय्यिम यांनी याच प्रसंगावरून म्हटलं, की भरवशाचा असेल तर बिगरमुस्लिम वैद्याचा सल्लाही चालतो. म्हणजे पारखायचं काय? कसब आणि सचोटी. मजुरी, जागा, वेळ आधीच ठरवायची. आणि लिहून ठेवायची, हे माझं आग्रहाचं मत. कुरआनची सर्वांत लांब आयत, बकरा या सूरहची 282वी, उधारी लिहून ठेवण्याबद्दल आहे. तरी आपण भावाभावांत लिहायला लाजतो आणि मग भांडतो.

रोजच्या व्यवहारात आजाऱ्याला भेटणं, भेटवस्तू, सांत्वन, भागीदारी, सगळं खुलं. जेवणाला बोलावलं तर मांस आणि दारूचं आधीच नीट सांगा. ताट वाढल्यावर सांगितलं की यजमान ओशाळतो. उपासना मात्र ज्याची त्याने करायची, तिथे सरमिसळ नाही.

नात्यांचंही तसंच. अबू बकर यांची मुलगी हजरत अस्मा, त्यांची आई मूर्तिपूजक, मुलीला भेटायला मदीनेत आली. अस्मांनी प्रेषितांना विचारलं, आईशी नातं राखू का? उत्तर आलं, हो, आईशी नातं राख.