जाळीखालची पिशवी

(दृश्य: भर दुपारचा वळीव, रस्त्याकडेची लोखंडी जाळी)

पुण्यात वळवाची पहिली सर आली की रस्त्यावरून वाहणारं पाणी काळंच असतं. उन्हाळाभर साचलेली धूळ, टायरची झीज, ब्रेकची भुकटी, गळलेलं ऑइल, गुटख्याच्या पुड्या, सगळं जाळीतून पावसाळी गटारात उतरतं. हे गटार मैलापाणी केंद्राकडे जात नाही. ते ओढ्याला मिळतं आणि ओढा मुठेला. ही घाण वाटेतच अडवायची म्हणून जाळीखाली गाळणीसारखी पिशवी बसवतात.

हजार चौरस मीटर डांबरी पार्किंगवर 10 मिलिमीटर पाऊस झाला, तर जाळीकडे साधारण 9,000 लिटर पाणी धावतं.

(दृश्य: पहारीनं जाळी उचलतात)

पिशवी बसवताना आधी चेंबरमधला, म्हणजे जाळीखालच्या खड्ड्यातला, गाळ उपसायचा. मग आतलं माप, तेही चारही बाजूंनी. जुना चेंबर काटकोनात सापडणं म्हणजे नशीबच. स्टेनलेस स्टीलची चौकट कडेवर टेकते, खाली जिओटेक्स्टाइलची, म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या पण गाळ अडवणाऱ्या कापडाची, पिशवी लोंबते. चौकट आणि भिंत यांत बोटभर फट राहिली की पाणी तिथूनच पळतं आणि पिशवी कोरडी राहते. म्हणून रबरी पट्टी.

पिशवीच्या वरच्या अंगाला ओव्हरफ्लोची भोकं असतात. ती बुजवू नका. मुसळधार पावसात पाणी तिथूनच सुटायला हवं, नाहीतर रस्ता तुंबतो आणि कुणीतरी वैतागून पहारीनं पिशवीच फाडतो.

आत पॉलिप्रोपिलिन या प्लास्टिकच्या तंतूंची वळकटी ठेवतात. ती तेल पिते, पाणी पीत नाही. काळी, जड झाली की बदलायची. मात्र गाड्या धुतलेलं साबणाचं पाणी आलं, तर तेल त्यात मिसळून वळकटीला चुकवतं. पाण्यात विरघळलेलं काहीच पिशवी अडवत नाही. गटारात मैलापाणी सोडलं असेल, तर तिचा उपयोग शून्य.

(दृश्य: दोघे जण पट्ट्या धरून पिशवी वर ओढतात)

पिशवी अर्धी भरली की काढायची. 40 लिटर ओला गाळ म्हणजे 60 ते 70 किलो. पूर्ण भरेपर्यंत थांबलात तर शिवण उसवते. वळवानंतर एकदा, मग पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर जाळी उचलून बघायचंच. कापडात बारीक माती बसली की पाणी झिरपत नाही. पिशवी वाळवून, उलटी करून झटका. धुवायचीच असेल तर धुतलेलं पाणी त्याच जाळीत ओतू नका.

काढलेला गाळ जाळीशेजारीच ढीग करून ठेवायची आपल्याकडे रीत आहे. संध्याकाळची सर आली की तो पुन्हा आत.