जबलपूरचा ट्रक आणि चौथे सिलिंडर

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी लष्कराने बाद केलेला एक निसान वन-टन ट्रक विकत घेतला. घरातून पहिला प्रश्न आला, "हा चालतो का?" तो चालत नव्हता. त्याचे इंजिन इतके जाम होते की ते हाताने फिरवायच्या हॅन्डलला दोन माणसे लोंबकळली तरी ते तसूभर हलत नसे. आजचे माझे बोलणे मुख्यतः त्या इंजिनाविषयी आहे. रंग, ताडपत्री आणि फळ्या यांच्याकडे जाताजाता पाहू.

लष्करी ट्रक म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शक्तिमान उभा राहतो. जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्याने तो जबलपूरला १९५९पासून तयार होऊ लागला आणि १९९६पर्यंत होत राहिला. माझा ट्रक म्हणजे त्याचा धाकटा भाऊ: आराखडा जपानच्या निसान कंपनीचा, बांधणी जबलपूरची, चारही चाकांना जोर, आणि बॉनेटखाली लष्कराच्या जीपसारख्या जोंगा गाडीत असायचे तेच सहा सिलिंडरांचे, ३,९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन. जोंगा हा शब्द पुष्कळांना जपानी वाटतो, पण तो जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावातील अक्षरांवरून जुळवलेला आहे.

अशी गाडी घ्यायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: कागद आधी, गाडी नंतर. लष्कराच्या बाद गाड्या लिलावात निघतात, त्या बहुधा भंगारवाल्यांकडे जातात, आणि तिथून खाणवाले, लाकूडवाले असे हात बदलत आपल्यापर्यंत येतात. लिलावाचे विक्रीपत्र, लष्कराने गाडी सोडल्याचा कागद आणि परिवहन कार्यालयातील नोंदणी, या तिन्हींवरील चासी क्रमांक प्रत्यक्ष चासीवर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे, आणि तो आपण स्वतः तारेच्या ब्रशने घासून, बॅटरीच्या उजेडात वाचलेला असला पाहिजे. २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले. परंतु त्यांत दुचाकी आणि खाजगी प्रवासी चारचाकी बसतात, मालवाहू ट्रक बसत नाही. त्यामुळे त्या आशेवर कोणी राहू नये. पुन्हा सांगतो, कागद आधी, गाडी नंतर.

गाडीत बदल करण्याची हौस अनेकांना असते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या निकालात ते ठामपणे उचलून धरले आहे. इंजिन बदलायचे तरी आधी परवानगी लागते. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी माझे मत असे आहे की ज्या ट्रकवर दिव्यांची माळ, बैलाच्या शिंगांसारखा बंपर आणि चाकाच्या कमानीत न मावणारे टायर चढवलेले असतात, तो ट्रक दुरुस्त झालेला नसून वरातीला निघालेला असतो. मी केलेले बदल एवढेच: मागच्या हौद्यात कुजलेल्या फळ्यांच्या जागी बाभळीच्या फळ्या, कमानींवर साताऱ्यात शिवून घेतलेली नवी ताडपत्री, आणि डोंगरावरच्या रोपांना पाणी नेण्यासाठी दोन पिंपे बांधायच्या कड्या.

आता इंजिनाकडे येतो.

हा ट्रक नऊ वर्षे एका खडी क्रशरच्या आवारात चिंचेखाली उभा होता. कोणीतरी त्याचा एअर क्लीनर काढून नेला होता, आणि कार्बोरेटरचे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे, तोंड नऊ पावसाळे आकाशाकडे उघडे राहिले होते. मी दोन गॅरेजवाल्यांना दाखवला. दोघांनीही इंजिन उतरवून टाका आणि पिकअपचे डिझेल इंजिन बसवा, असे सांगितले. तेव्हा शेजारच्या गावचे एक निवृत्त हवालदार मला भेटले. त्यांची सारी नोकरी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलात, झालेली होती. आमच्याकडे लष्करातून परतलेल्या प्रत्येकाला, त्याचा हुद्दा कोणताही असो, मेजर म्हणतात. मीही त्यांना मेजरच म्हणू लागलो.

मेजरांनी सहाही प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर एक ते सहा अशा क्रमाने मांडले. पाच प्लग काळे होते. चौथ्याचे टोक विटेसारखे तांबडे झाले होते. ते म्हणाले, "सर, गाडी उभी केली तेव्हा चौथ्याचा इनलेट व्हॉल्व्ह उघडा राहिला. पाणी तिथंच उतरलं." इनलेट व्हॉल्व्ह म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूने सिलिंडरमध्ये उघडणारी झडप. नऊ वर्षांपूर्वी इंजिन नेमक्या कोणत्या क्षणी थांबले, हे त्यांनी एका प्लगच्या रंगावरून वाचले होते.

त्यांनी डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचे लाल तेल समप्रमाणात मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धी वाटी ओतले. सायकलच्या चाकाच्या एका तारेवर कानशीने खुणा केल्या आणि ती माझ्या हाती दिली. रोज सकाळी ती तार प्लगच्या भोकातून सोडायची, तेल किती उतरले ते वहीत लिहायचे, आणि संध्याकाळी उतरले असेल तेवढेच पुन्हा भरायचे, हे माझे काम. तीन दिवसांत पाच सिलिंडरांतील तेल उतरू लागले. चौथ्यातील तेल मात्र जागचे हलेना. चौथा दिवस, पाचवा दिवस, सहावा दिवस; वहीत चौथ्यापुढे एकच शब्द, 'तेवढेच'.

सातव्या दिवशी मेजर नात्यातल्या लग्नाला कोल्हापूरला गेले आणि माझा धीर सुटला. शेजारी ट्रॅक्टर घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, पहिल्या गिअरमध्ये टाका, एका झटक्यात सुटतंय." धूळ जाऊ नये म्हणून मी सहाही प्लग परत घट्ट बसवून ठेवले होते आणि ते तसेच राहू दिले. साखळी बांधली, ट्रक पहिल्या गिअरमध्ये टाकला, ट्रॅक्टरने ओढले. ट्रक पुढे सरकला, पण त्याची चाके काही फिरली नाहीत. ती मुरमात घासत गेली आणि अंगणात दोन खोल चर पडले. दुसऱ्यांदा ओढले, तेव्हा चर आणखी खोल झाले.

मेजर परत आले. त्यांनी चर पाहिले, बसवलेले प्लग पाहिले आणि काहीच बोलले नाहीत. खिशातून पाना काढून त्यांनी एकेक प्लग पुन्हा खोलला. मग म्हणाले, "सर, पोराला उत्तर आलं नाही, तर तुम्ही त्याचा कान तुटेपर्यंत ओढत होता का?"

त्यानंतर त्यांनी मला जे समजावले ते श्रोत्यांनी नीट ऐकावे. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. चौथ्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वर तेल भरलेले होते आणि बाहेर पडायची वाट मी प्लग बसवून बंद केली होती. त्या झटक्याने इंजिन फिरले असते, तर वर येणारा पिस्टन त्या तेलावर आदळला असता आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकला असता. ते फिरले नाही, याला कारण तोच गंज, ज्याला मी आठवडाभर शिव्या देत होतो. म्हणून, सिलिंडरमध्ये तेल ओतलेले इंजिन फिरवताना प्लग काढलेलेच असले पाहिजेत. प्लग काढलेलेच.

अकराव्या दिवशी चौथ्यातील तेल एका खुणेने उतरले. मी ते तीनदा मोजले आणि मेजरांना फोन केला. ते आले, सोबत चार पोरे आणली. त्यांनी इंजिनाबरोबर फिरणाऱ्या क्रँकच्या पुलीवर आणि शेजारच्या लोखंडावर खडूची एक सलग रेघ ओढली आणि ट्रक टॉप गिअरमध्ये टाकला. मला आश्चर्य वाटले. पण पहिल्या गिअरमध्ये चाकांचा जोर इंजिनापर्यंत सर्वांत कमी पोहोचतो आणि टॉपमध्ये सर्वांत जास्त, हे साधे गणित मी, गणिताचा शिक्षक, विसरलो होतो. पोरांनी ट्रक पुढे ढकलला, मागे ढकलला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, पाळण्याला द्यावेत तसे झोके दिले. मेजर खाली वाकून फक्त रेघ पाहत होते. वीसेक झोक्यांनंतर त्यांनी हात वर केला. रेघ तुटली होती. पुलीवरचा तुकडा नखभर बाजूला सरकला होता.

त्यानंतर गिअर काढून त्यांनी हॅन्डल लावले. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा विळखा घालायचा नाही, कारण चालू होताना इंजिनाने उलटा मार दिला तर अंगठा जातो, हे त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवले. पहिली पूर्ण फेरी मारण्याचा मान त्यांनी मला दिला. ती फेरी फिरली आणि चौथ्या प्लगच्या भोकातून अकरा दिवसांचे तांबडे तेल पिचकारीसारखे उडून थेट माझ्या सदऱ्यावर आले. तो सदरा अजून आहे. सौभाग्यवतींनी त्याची फडकी करू दिली नाहीत.

पुढचे काम भराभर झाले. मेजरांनी मला फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, परवच्यासारखी पाठ करायला लावली: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. एकोणिसाव्या दिवशी इंजिन सुरू झाले.

उरलेल्या दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रम उघडल्यावर हवेचा फवारा मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे. दुसरी गोष्ट इंधनाची. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्या फुगवते, कुजवते. माझी नळी दोन महिन्यांत गळू लागली. आमच्याच शिवारातल्या उसाने आमचीच नळी खाल्ली, असे मी गावात सांगतो. इथेनॉलला टिकणारी नळी आणि गाडीतल्या इंधन पंपाचा पडदा पहिल्याच दिवशी बसवून घ्यावा.

राहिला रंग. ट्रक मूळच्या हिरव्या रंगातच शोभला असता, यात शंका नाही. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही लावता येत नाही. हे मी मेजरांना भीतभीत सांगितले. त्यांना ते माझ्याआधीपासून माहीत होते. आम्ही मुरमाच्या जवळचा, मातकट रंग निवडला.

रंग वाळल्यावर मेजर एक दिवस पत्र्याचा कापलेला साचा आणि पांढऱ्या रंगाची छोटी डबी घेऊन आले. लष्करी गाड्यांच्या मडगार्डवर टायरमध्ये हवा किती भरायची तो आकडा लिहिलेला असतो, तो तुम्ही पाहिला असेल. मेजरांनी विचारले, "सर, हे लिहायला तरी बंदी नाही ना?" मी नाही म्हटले. ते गुडघ्यावर बसले आणि चारही चाकांवर त्यांनी तो आकडा उमटवला. मागच्या डाव्या चाकावर साचा थोडा सरकला आणि आकडा तिरका पडला. त्यांनी तो पुसून पुन्हा लिहिला.

नमस्कार.